प्रसादची माणसं

शेवटच्या पोस्टिंगला मी कर्नाटकातल्या एका छावणीत होतो. इंजिनिअर रेजिमेंट, हवालदार, सर्व्हिस अठरा वर्षं. नाव सर्जेराव चौगुले, गाव गडमुडशिंगी. आता घरीच असतो. पंधरा ऑगस्टला शाळेत बोलावतात आणि पोरं लढाईचं विचारतात. मी लढाई पाहिलेली नाही. माझ्या सेक्शनमधला एकच माणूस गेला, तोही बॉर्डरवर नाही. तो आपल्या जिल्ह्यात गेला, माझ्या गावापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर. त्याचं लिहून ठेवायचं राहिलं होतं.

लान्स नाईक जॉन प्रसाद. वय सत्तावीस. गोदावरी जिथं समुद्राजवळ पसरते तिथल्या एका गावचा. ट्रेड म्हणाल तर ओबीएम ऑपरेटर, म्हणजे असॉल्ट बोटीच्या मागं बसवायचं इंजिन चालवणारा. इंजिनचा आवाज ऐकून कुठला प्लग खराब आहे ते सांगायचा.

युनिटमध्ये आला त्या दिवशी सुभेदार मेजर साहेबांनी रजिस्टर उघडून धर्म विचारला.

"मॉर्मन, साब."

"म्हणजे क्रिश्चन ना?"

"जी साब. थोडा अलग."

"थोडा अलगचा रकाना नाही इथं," असं म्हणून साहेबांनी क्रिश्चन लिहिलं.

तो अलगपणा आम्हाला लंगरमध्ये, म्हणजे जवानांच्या जेवणघरात, कळला. तो चहा घेत नव्हता. कॉफी नाही, रम नाही, विडी-सिगारेट नाही. सकाळी सहाला सगळे मग घेऊन रांगेत उभे राहायचे, त्यात हाही. कुक त्याच्या मगात नुसतं उकळतं पाणी ओतायचा. पहिल्या आठवड्यात पोरांनी खूप हसून घेतलं. दुसऱ्या आठवड्यापासून त्याच्या वाट्याची रम कुणाला मिळावी यावर भांडणं सुरू झाली आणि हसणं थांबलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी तो उपास करायचा. मी सोमवार करायचो. "तुमच्या उपासाला शाबूची खिचडी आहे साब, आमच्या उपासाला काहीच नाही," असं म्हणायचा. आम्ही हिंदीत बोलायचो. इथं मराठीत लिहितो.

दुपारच्या मेन्टेनन्सला इंजिनं खोलून बसलो की मी त्याला आपल्या तालमींच्या गोष्टी सांगायचो. तो त्याच्या लोकांच्या सांगायचा. त्याचे लोक म्हणजे फार पूर्वीचे, अमेरिकेतले पहिले मॉर्मन. पण सांगायचा असा, की ही सगळी त्याच्या गल्लीतलीच माणसं वाटावीत. त्यांचा पहिला पुढारी तुरुंगात असताना जमावानं गोळ्या घालून मारला. मग गावातून हुसकून लावलं. ऐन थंडीत गाड्या जुंपून निघाले. मोठी नदी आडवी आली, नंतर ती गोठली आणि मागून निघालेल्या काहींनी बर्फावरून गाड्या नेल्या. पुढं विलायतेतनं जे गरीब लोक या धर्मात आले त्यांच्याकडं बैलही नव्हते. त्यांनी हातगाड्यांवर सामान टाकलं आणि शेकडो मैल ओढत चालले. निघायला उशीर झाला. वाटेत बर्फानं गाठलं. नवरे मेले, बायका गाडे ओढत राहिल्या.

"मग?" मी विचारायचो.

"मग जे आधी पोचले होते त्यांना कळलं. रविवार होता, लोक प्रार्थनेला जमले होते. त्यांच्या नव्या पुढाऱ्यानं सांगितलं की आज धर्म म्हणजे त्यांना आणणं. लोक उठले, पीठ आणि घोंगड्या भरल्या आणि उलटे निघाले. एका ठिकाणी गार पाण्याची नदी होती. पोरांनी बायकापोरांना पाठीवर घेऊन पार केलं."

एवढं सांगून तो पुन्हा स्पॅनर हातात घ्यायचा. मला त्या गोष्टीत गाडे ओढणारी माणसं आवडायची. त्याला मात्र, त्यांना आणायला गेलेली आवडायची.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात फ्लड रिलीफचा हुकूम आला. सव्वादहाला हुकूम, बाराला कॉलम रोडवर. सहा ट्रक, चार बोटी. कागलला पुरानं बंद पडलेल्या हायवेवर दोन्ही बाजूंनी ट्रक-कंटेनर उभे होते आणि लोक त्यांच्यात भाकरी वाटत होते. आमच्या गाड्या पाहून टाळ्या वाजवल्या. प्रसाद म्हणाला, "साब, तुमचे लोक." मला बरं वाटलं.

आमचा बेस हातकणंगले तालुक्यात, पंचगंगेच्या अलीकडच्या काठावर, एका शाळेच्या उंच मैदानात लागला. गावाचं नाव लिहीत नाही. रुटीन असं: पाच तीसला इंजिन चेक, सहाला पहिली बोट पाण्यात, अंधार पडायच्या आत शेवटची बाहेर. दोन दिवसांत माझ्या बोटीनं सत्तरेक माणसं काढली असतील. माझं घर जवळ होतं. फोनवर आई म्हणाली, "हितवर आलाईस आन् घराकडं येत न्हाईस व्हय रं?" मी म्हटलं, ड्यूटीवर हाय. ती म्हणाली, "मग ऱ्हाऊ दे. त्यास्नी काढ आदी."

तिसऱ्या दिवशी चौदा वीसला वायरलेस सेट वाजला.

"टायगर टू फॉर टायगर. मळ्यातल्या एका घराच्या स्लॅबवर सहा जण. एक म्हातारी, चालत नाही. ओव्हर."

"टायगर टू. निघालो. ओव्हर."

बोटीत मी, प्रसाद, सॅपर रफिक आणि वाट दाखवायला गावातला एक माणूस. सगळे त्याला अण्णा म्हणायचे. पन्नाशीचा, दूध संस्थेत कामाला. पाण्याखाली कुठं रस्ता, कुठं विहीर, हे त्याला पाठ होतं.

"पावणं, सरळ घेऊ नगासा," तो पहिल्या वळणावर ओरडला. "खाली वढा हाय. लई ओढ हाय तिथं. उसाच्या कडंनं घ्या की!"

त्याच्या सांगण्यावरून चौदा पन्नासला घर गाठलं. सीमेकडून येऊन स्थायिक झालेलं लिंगायत कुटुंब होतं. नवरा-बायको, त्यांच्या तीन मुली आणि म्हातारी. मुली आणि त्यांची आई बोटीत उतरल्या. म्हातारी स्लॅबवर घोंगडीत बसून होती. गळ्यातलं लिंग तिनं मुठीत धरलं होतं आणि "बेडा, बेडा," म्हणत होती. नको, नको.

म्हातारीचा मुलगा रडकुंडीला आला. "अव्वा, चल की! फौजेची माणसं आल्याती."

प्रसादला छावणीत राहून थोडं कन्नड यायला लागलं होतं. तो तिच्यासमोर पाठ करून उकिडवा बसला आणि म्हणाला, "बा, अव्वा." ये, आई. एवढंच म्हणून बसून राहिला. पावसात, न हलता. मी घड्याळ बघत होतो. चार मिनिटं गेली. मग म्हातारीनं लिंग पदरात ठेवलं आणि त्याच्या गळ्याभोवती हात टाकले.

परत निघालो तेव्हा बोटीत दहा जण होतो. पंधरा दहाला ओढ्याजवळ पाणी एकदम चढलं, उसाच्या कडेची वाट राहिली नाही. बोट ओढ्याच्या तोंडाकडं सरकली आणि इंजिननं एकदा कर्रकन आवाज काढून दम तोडला.

"तार," प्रसाद म्हणाला. "पंख्यात तार."

अण्णानं कपाळावर हात मारला. "कुंपाण हाय हितं! मळ्याचं कुंपाण!"

बोट त्या तारेला बांधल्यासारखी अडकली, आडवी झाली आणि वरच्या बाजूनं पाणी आत यायला लागलं. मुली किंचाळल्या. रफिक आणि अण्णा डब्यानं पाणी काढू लागले. मी सेटवर पोझिशन दिली. दुसरी बोट यायला वीस मिनिटं लागतील असं उत्तर आलं. आमच्याकडं वीस मिनिटं नव्हती.

प्रसादनं इंजिन वर उचलायचा प्रयत्न केला. उचललं जाईना. त्यानं पक्कड दातात धरली, कमरेला दोर बांधला, दुसरं टोक बोटीच्या कड्याला बांधलं आणि पाण्यात उतरला. एकदा बुडी मारली, लगेच वर आला.

"साब, जॅकेट खाली जाऊ देत नाही. काढू?"

लाईफ जॅकेट काढायचं नाही, हा बोटीवरचा पहिला हुकूम असतो. मी स्वतः तो रोज सकाळी द्यायचो. मी बोटीकडं बघितलं. पाणी घोट्याच्या वर आलं होतं.

"काढ," मी म्हटलं.

त्यानं जॅकेट काढून बोटीत फेकलं. पहिल्या बुडीत एक तार तुटली. दुसऱ्या बुडीनंतर वर आला तेव्हा हाताला रक्त होतं. "अजून एक आहे," म्हणाला आणि दम भरून खाली गेला.

इंजिन सुटलं. आम्हाला पायाखाली कळलं. पण बोट गेली नाही. त्याचा दोर खाली कुंपणाच्या खांबात अडकला होता आणि सगळी बोट आता त्या दोराला लटकून एका अंगावर कलत होती. मी चाकू काढून दोराकडं हात नेला आणि थांबलो. त्याच्या टोकाला प्रसाद होता. रफिकनं दोर ओढला. दगडासारखा ताठ. पाण्याची एक मोठी लाट आत आली आणि सगळ्यांत धाकटी मुलगी आईच्या मांडीवरून घसरली. अण्णानं तिचा हात धरला.

तेवढ्यात दोर ढिला पडला. बोट झटक्यात सरळ झाली आणि ओढ्याच्या तोंडापासून दूर, खालच्या अंगाला वाहत गेली. मी इंजिनवर गेलो. तिसऱ्या झटक्याला चालू झालं. बोट वळवून पुन्हा त्या जागेकडं नेली. दोन फेऱ्या मारल्या. हाका मारल्या. बोटीत अजूनही पाणी होतं आणि नऊ जण होते. अण्णा माझ्याकडं बघून म्हणाला, "सायेब, आता जाऊया. पोरी हाईत्या."

पंधरा अडतीसला आम्ही मैदानावर लागलो.

रफिकनं दोर गोळा केला आणि टोक माझ्या हातात दिलं. दोर तुटला असता तर धागे विस्कटलेले असते. टोक पकडीनं साफ कापलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सात चाळीसला तो उसात सापडला. पाय तारेत होता.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. मेजर साहेबांनी विचारलं, "जॅकेट काढायचा हुकूम कुणी दिला?"

"परवानगी मी दिली, सर."

"दुसरा मार्ग होता?"

"मला त्या वेळी दिसला नाही, सर. अजूनही शोधतो."

शेवटचं वाक्य त्यांनी लिहून घेतलं नाही. कागदावर मी सुटलो.

एस्कॉर्ट म्हणून त्याला घरी मीच नेलं. त्याच्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांनी माझ्या हातून तिरंगा घेतला आणि मला जेवायला बसवलं. मी जेवू शकलो नाही. मला वाटलं होतं विचारतील, कसं झालं. त्यांनी विचारलं नाही. पण मी सांगितलं. दोराचं आणि जॅकेटचंही. मग त्यांनी त्यांची गोष्ट सांगितली.

पांढरे शर्ट आणि टाय घातलेली दोन परदेशी पोरं पंक्चर काढायला दुकानात आली होती. नंतर दर आठवड्याला यायची. यांना वाटायचं, पुस्तक खपवायला येतात. एका वादळात शेजाऱ्याचं छप्पर उडालं तेव्हा ती दोघं टाय काढून बांबू धरायला उभी राहिली, रात्रभराच्या पावसानंतर सकाळी, कुणी न बोलावता. "पुस्तक मी नंतर वाचलं," वडील म्हणाले. त्या गावात हा धर्म घेणारे ते पहिले. एकूण सात जणांनी गोदावरीत बुडी घेऊन बाप्तिस्मा घेतला. सगळ्यांत लहान प्रसाद, आठ वर्षांचा. त्यानंतर नातेवाईक लग्नाला बोलवेनासे झाले. चर्चवाले म्हणायचे, हे क्रिश्चन नाहीत. बाकीचे म्हणायचे, हे क्रिश्चनच. घराच्या पुढच्या खोलीत बारा खुर्च्या मांडून दर रविवारी सभा भरवायची आणि कित्येक महिने त्यातल्या पाच रिकाम्या. सभा चालवायची जबाबदारी वडिलांवर. त्यांना भाषण यायचं नाही. मग ते त्या जुन्या लोकांच्या गोष्टी वाचून दाखवायचे, गाडे ओढणाऱ्यांच्या आणि त्यांना आणायला गेलेल्यांच्या. पहिल्या रांगेत बसून ऐकणारा एकच असायचा.

वर्ष झालं तेव्हा मी रिटायर झालो होतो. वडिलांचा फोन आला, या रविवारी या. गेलो. आता त्यांची सभा भाड्याच्या एका हॉलमध्ये भरते. पन्नासएक माणसं होती. महिन्याचा पहिला रविवार, त्या दिवशी ज्याला वाटेल त्यानं उठून बोलायचं असतं. तेलुगूत एकेक जण बोलत होता. प्रसादचं नाव मला कळत होतं, बाकी काही नाही. मग वडील माझ्याकडं वळून हिंदीत म्हणाले, "हवालदार साब, दोन शब्द."

मला बोलता येत नाही. मी देवाबद्दल काय बोलणार. उठलो, पुढं गेलो, सावधान उभा राहिलो आणि रिपोर्ट दिला.

"लान्स नाईक जॉन प्रसाद. बोटीत आम्ही दहा होतो. नऊ उतरलो. ती म्हातारी आहे. तिन्ही पोरी शाळेत जातात. जवान ड्यूटीवर होता."

संपलं. आता बसायचं कसं ते कळेना. रिपोर्ट दिल्यावर समोर ऑफिसर लागतो. समोर पहिल्या रांगेत त्याची आई बसली होती, दोन्ही हात मांडीवर. डोक्यावर टोपी नसताना सॅल्यूट करायचा नसतो. अठरा वर्षांत हा नियम मी एकदाही मोडला नाही.

त्या दिवशी मोडला. तिनं मान हलवली तेव्हाच हात खाली घेतला.