भागरताकाकीच्या मोहाखाली काडी लागणार नाही

जिने आयुष्यभर मोहाच्या झाडांखाली काडी ओढू दिली नाही, त्या भागरताकाकीला आज सकाळी आम्ही अग्नी दिला.

चिता नीट पेटायच्या आत माझ्या मागे कुजबुज सुरू झाली.

तिच्या दिराचा नातू मोबाइलवर रडार पाहत होता. सायंकाळी पाणी दाखवते म्हणे. मग आजच काकीच्या मोहाखालचा पाला जाळून टाकू, आता कोण बोलते?

पोरा, माझे गुडघे गेले, कान नाही गेले. रेडिओ रिपेअरिंगवर घर बांधलेला माणूस आहे मी.

म्हणून ही पोस्ट. गावातल्या सगळ्यांनी वाचावी.

बाहेरच्या मित्रांसाठी सांगतो. आमच्या लाखांदूरकडे चैत्रात मोह गळतो. पहाटे फुलं वेचायची. खाली वाळला पाला असला की फुलं सापडत नाहीत, म्हणून लोक पाला पेटवून देतात. जमीन साफ होते.

कधी कधी जंगलही साफ होते.

काकी मात्र खराट्याने झाडायची. बांधावर पाच झाडं, पलीकडे जंगल, अलीकडे तणसाचे ढीग, म्हणजे गावच्या बैलांचं उन्हाळाभराचं खाणं. एकटी बाई रोज झाडते म्हणून लोक हसायचे. भागरता जंगल सारवते, म्हणायचे.

ऐंशीच्या दशकात गावातला पहिला टीव्ही मी आणला. ब्लॅक अँड व्हाइट. छतावर बांबू, त्या बांबूला आणखी एक बांबू, त्यावर अँटेना.

बातम्यांच्या शेवटी ढगांचं चित्र यायचं. आम्ही त्याला रडारच म्हणायचो, ते उपग्रहाचं असते हे फार पुढे कळलं. त्यात अर्धे ढग असायचे आणि अर्ध्या आमच्या अँटेनाच्या मुंग्या.

त्याआधी गावाचं हवामान खातं म्हणजे होळी. ज्वाळा कुणीकडे झुकली त्यावरून वर्षाचं पाणी सांगायचे. काकीही सांगायची आणि हमखास चुकायची. पण कबूल? छे. पाऊस चुकला, मी नाही, म्हणायची.

एका चैत्रात टीव्हीवर आमच्या बाजूला मोठा पांढरा डाग दिसला.

काकीचे दीर काशीरामकाका उठून उभे राहिले. त्यांच्या शब्दाला गावात वजन. उद्या सायंकाळपर्यंत पाणी येते, म्हणाले. पाला ओला झाला की जळत नाही, तेव्हा उद्या दुपारीच सगळ्यांनी पेटवून घ्या. आग वाढलीच तर पाणी आहेच विझवायला.

सगळ्या गावाला हिशोब पटला.

दारात बसलेली काकी तेवढी बोलली, "पाणी येईल का नाही, मले नाही माहीत. काडी लावली का आग लागते, एवढं माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी काशीरामकाका माचिस घेऊन तिच्या झाडांपाशी गेले. मोठ्या वहिनीच्या झाडांचं भलं करायला गेले होते, मन वाईट नव्हतं त्यांचं.

काकीने खराटा खाली ठेवला आणि बुंध्याशी मांडी घालून बसली.

"वहिनी, उठा नं."

"लावा भाऊजी. मले घेऊन लावा."

काकांनी माचिस खिशात घातली. मग वळले, आपल्या झाडांखाली गेले आणि तिथे काडी लावली.

मी घरी गिऱ्हाइकाचा ट्रान्झिस्टर उघडून बसलो होतो. ढग जवळ आला की मीडियम वेव्हवर खरखर वाढते. ती वाढली. आला ढग, म्हटलं, आणि सेट बंद केला.

खरखर थांबली नाही. ती बाहेरून येत होती.

ढग आला होता. गडगडलाही. पण पाण्याचा थेंब नाही, नुसता वारा. आणि काकांची आग वळून तणसाच्या ढिगांकडे निघाली होती.

पळसाच्या ओल्या फांद्या घेऊन सारा गाव धावला. पाय टेकायला एकच जागा होती, काकीने झाडलेली. तिथे जळायला काही नव्हतंच. पदर खोचून ती आमच्या मधोमध उभी, फांदी मारता मारता शिव्या देत होती. आगीला आणि आम्हाला, सारख्याच.

आग तिथून पुढे सरकली नाही.

काशीरामकाकांचा ढीग मात्र आगीच्या अंगाला होता. तो गेला.

आता काकी टोमण्याने सोलून काढणार, असं आम्हाला वाटलं. तिने आपलं अर्धं तणीस खाचरात, म्हणजे आमच्याकडच्या छोट्या बैलगाडीत, भरलं आणि काकांच्या गोठ्यात नेऊन टाकलं. काका नको नको म्हणत होते, मान वर होत नव्हती त्यांची.

"तुमच्यासाठी नाही आणलं भाऊजी. बैलाइनं थोडीच काडी लावली होती?"

पुढे रोज माझ्या टीव्हीपुढे येऊन बसायची. ढगांचं चित्र आलं की मला हाक मारून म्हणायची, "रेडिओ, तुह्या मुंग्या आल्या पाह्य."

तर पोरा, तुझ्या आजोबाचे बैल त्या उन्हाळ्यात कुणाच्या तणसावर जगले, ते तुला कुणी सांगितलं नसेल. आता सांगितलं.

तुझ्या मोबाइलचं खरंही ठरेल. येईल पाणी. रडार हुशार झालं, पण काडी तीच आहे.

ही पोस्ट मी घरून लिहीत नाही. स्मशानातून सरळ इकडे काकीच्या बांधावर आलो. काकीचा खराटा इथेच टेकून ठेवलेला होता. दोन झाडांखालचं झाडून झालं, तीन राहिली. जरा दम घ्यायला बुंध्याशी बसलो आहे.

ज्याला काडी लावायची आहे त्याने खुशाल यावं.

मले घेऊन लावा.

काकी, तू निवांत जा. झाडांखाली मी आहे.