दादाच्या बागेविरुद्ध मी उभा राहिलो

अकोल्याच्या जिल्हा न्यायालयात मी सरकारी वकील झालो, तेव्हा थोरल्या भावाने, दादाने, शेंदूरजनाघाटात घरोघरी पेढे वाटले. माझं शिक्षण, पहिला काळा कोट, सगळं त्याच्या संत्र्याच्या बागेतून आलेलं. पुढे वीसेक वर्षांनी मी राज्याचा महाधिवक्ता झालो. तेव्हा पेढे वाटायला दादाला सवड नव्हती. पाऊस तिसऱ्या वर्षीही दगा देऊन गेला होता, विहीर आटली होती, तो टँकरने झाडं जगवत होता.

त्याच उन्हाळ्यात बागायतदारांनी हायकोर्टात याचिका केली. धरणातलं कारखान्यासाठी राखलेलं पाणी बागांना सोडा, एवढीच मागणी. याचिकेत दादाचंही नाव होतं. मी विधी खात्याच्या सचिवांना म्हणालो, हे प्रकरण दुसऱ्या कुणाला द्या.

"तुम्ही तिकडचेच," ते म्हणाले. "तुम्ही बोललात तर वजन पडेल."

तेव्हाच राजीनामा द्यायला हवा होता. पण पद मिळून चारच महिने झाले होते. मी उभा राहिलो, आणि चांगला बोललो. पाणीवाटप हा शासनाचा धोरणात्मक निर्णय आहे, न्यायालयाने त्यात पडू नये, हे पाऊण तास मांडलं. याचिका फेटाळली गेली.

व्हरांड्यात दादाने गाठलं. "तू काहून उभा राह्यला?"

"माझं कामच आहे ते, दादा."

"काम कर ना. पन इतका जीव लावून काहून केलं?"

दोन महिन्यांनी मी राजीनामा दिला आणि अमरावतीला परतलो. दादा अपिलाचे कागद घेऊन आला. "आता तू मोकळा हायेस. आमच्याकडून उभा राय."

"नाही येत, दादा. ज्या बाजूने लढलो, तिच्याविरुद्ध त्याच प्रकरणात वकिलाला उभं राहता येत नाही."

"म्हंजे तुले फक्त आमच्याच इरुद्ध उभं राहता येते."

कागद उचलून तो मोर्शीच्या एसटीने निघून गेला.

अपीलही गेलं. बाग वाळली. जेसीबीने झाडं उपटली त्या दिवशी मी गावी गेलो. दादा वाळलेली खोडं बांधाकडे ओढत होता. मी बाह्या सारून एकाला हात घातला.

"सोड. तुह्याच्यानं नाई होनार."

मी सोडलं नाही. खोड मात्र माझ्याने तसूभरही हललं नाही. शेवटी त्यानेच ते एकट्याने ओढून नेलं.