सहीवाचून राहिलेलं संमतीपत्र

हे मी बायकोलासुद्धा कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते माझं मलाच नीट कळत नाही.

आम्ही करी रोडचे. चाळ गेली, टॉवर आला, पण गावच्या सातबाऱ्यावर माझं नाव अजून आहे. जमीन कसते सुशीलावहिनी, माझ्या चुलतभावाची विधवा. तिचं नाव कुठेच नाही. दादा गेल्यावर वारसनोंद करायची राहून गेली. कोणामुळे? आम्हा मुंबईकरांमुळेच की.

हवामानाचा हल्ली काही नेमच राहिला नाही. ऐन थंडीत पाऊस, मोहोर काळा, वहिनी फोनवर रडायची. आणि मग ते वादळ. इथे आमच्या खिडकीची एक काच फुटली. सोसायटीने आठवड्यात बसवून दिली. तिथे वहिनीची सगळी आंब्याची कलमं मुळासकट उपटली — दादाने लावलेली, तिने कळशीने पाणी घालून जगवलेली.

भरपाईसाठी सातबाऱ्यावरच्या सगळ्यांचं संमतीपत्र हवं होतं. बाकीच्यांनी मुकाट सह्या केल्या. माझा कागद टपालाने आला — हो, आला. मी तो उघडला, वाचला, आणि... सही केली तर आपला हिस्सा जाईल, असं डोक्यात बसलं. कसला डोंबलाचा हिस्सा! त्या जमिनीत मी आयुष्यात एक खड्डा खणलाय का?

वहिनीचा फोन आला. मी म्हटलं, कागद मिळालाच नाही. पुन्हा आला, पुन्हा तेच. बिचारी दुसरा कागद करायला तालुक्याला खेटे घालत राहिली, तोवर मुदत संपली. आणि ती कधी संपते, हे मला पाठ होतं.

घाबरलो होतो म्हणू? नको. हावरटपणा होता तो, निव्वळ हावरटपणा.

पन्नाशी उलटलेली वहिनी आता कारखान्यात काजू सोलते. चिकाने तिच्या बोटांची सालं निघालीत.

गणपतीला गावी गेलो, तेव्हा जेवायला तिनेच वाढलं. शेजारीण मला टोचून बोलली — एवढी एक सही देऊक झाली नाय? मी तोंड उघडायच्या आत वहिनी तिच्यावर उखडली. "भाऊजींक कित्याक बोलतंस? कागद टपालात हरवलो, ते काय करतले?"

तिने भात पुढे केला, आणि मी आणखी घेतला.