वारा नसताना पडलेला ऐन

इथले अनुभव मी नेहमी वाचते आणि खरं सांगायचं तर बहुतेकांना हसते. आमचं घर भद्रावतीचं, बौद्ध. घरात देव्हारा नाही. अंगात येणं, उतारा, ताईत यांतलं काहीच नाही. वडील म्हणायचे, "समजलं नाई तं विचार, पन घाबरू नोको." त्यात मी नर्स. म्हणून जे झालं तेवढंच लिहिते, तिखटमीठ न लावता.

पाच-सहा वर्षांपूर्वी माझं पोस्टिंग एटापल्ली तालुक्यात होतं. मार्च संपत आलेला, मोहफुलांचे दिवस. त्या दिवशी जंगलातल्या एका टोल्यावर बाळांना लसी द्यायच्या होत्या. दहा-बारा घरांची वस्ती. नाव मुद्दाम देत नाही. जीप नाल्यापर्यंतच जायची, पुढे तासभर पायवाट. सोबत सुकमीबाई, त्याच टोल्यातली आशा कार्यकर्ती. पन्नाशीची, गोंड. माझ्या खांद्यावर लसींचा डबा.

सकाळचे साडेदहा झाले असतील. वारा अजिबात नव्हता. बाकी जंगल नेहमीसारखं... किड्यांची किरकिर, पाखरं, पायाखाली पाचोळा. सुकमीबाई पुढे चालत सुनेच्या तक्रारी सांगत होती.

आणि सगळं थांबलं. हळूहळू नाही, एकदम. किडे नाहीत, पाखरं नाहीत. कानाला दडे बसले असं वाटून मी चुटकी वाजवून पाहिली. ऐकू आली.

सुकमीबाई जागच्या जागी खाली बसली. "सिस्टर, बसा."

"काऊन? वाघ आहे का?"

"वाघ नोहे. तो चालून राह्यला. बसा ना."

"कोण तो?"

तिने फक्त वर पाहिलं.

मी दोन मिनिटं बसले. मग मला चीड आली. डब्यातला बर्फ वितळला तर लसी वाया, आणि तिकडे आया उन्हात बसलेल्या. "मले उशीर होऊन राह्यला बाई, तुम्ही या मागून," म्हणत मी उठले. तिने माझं मनगट धरलं. एरवी मला कधी उलट न बोलणारी बाई, पण पकड अशी की बांगडी पिचली.

मी परत बसले आणि वर पाहिलं. ऐनाची उंच झाडं, मधून येणारं ऊन, एक पान हलत नव्हतं. कसं सांगू... भीती नव्हती. आपण कोणाच्या तरी फार मोठ्या घरात न विचारता शिरलोय, आणि घरमालक आत आलाय, असं वाटलं. शेजारी सुकमीबाईचे हात जोडलेले. माझेही कधी जोडले गेले, मला कळलं नाही.

मग बंदुकीसारखा आवाज झाला. समोर चाळीसेक पावलांवर एक जुना ऐन मुळासकट कलला आणि पायवाटेवर आडवा पडला. बसल्या जागी जमीन हादरली. धूळ खाली बसेपर्यंत आम्ही हललो नाही. मग एक पाखरू ओरडलं, आणि पाठोपाठ सगळं जंगल बोलायला लागलं.

सुकमीबाईने पदराची गाठ सोडली, मूठभर मोहफुलं जमिनीवर ठेवली आणि कपाळ टेकवलं. मी पुटपुटले, "वाचवलं बाई त्यानं आपल्याले."

ती म्हणाली, "वाचवलं म्हनून नाई सिस्टर. नसतं वाचवलं तरी तो मोठाच हाय. आज दिसला, म्हनून."

झाडाला वळसा घालून आम्ही टोल्यावर पोचलो. लसी चांगल्या होत्या. सगळ्या बाळांना देऊन झाल्या.

आठवड्याने तिथल्या वनरक्षकाला मी ते झाड दाखवलं. वाळवी नाही, खोड पोखरलेलं नाही, मुळं ओली, माती कडक. "वादळाशिवाय असं झाड पडत नाई मॅडम," तो म्हणाला. वादळ नव्हतंच. वडील म्हणाले, किडे-पाखरांना जमिनीतली हालचाल आधी कळत असेल. असेलही. पण मग मुळात ते झाड का पडलं?

बदली होण्याआधी मी सुकमीबाईला विचारलं, "तुम्हाले कसं कळलं होतं?"

"मले कुठी काय कळलं? सगळं जंगल चूप झालं, तं मी बी झाली."

आजही आमच्या घरात देव्हारा नाही आणि कोणाला मी देवाधर्माचं सांगायला जात नाही. पण त्या सकाळी मी कोणापुढे हात जोडले, याचं उत्तर माझ्याकडे नाही. जोडले होते, एवढं खरं. आणि झाड पडायच्या आधी जोडले होते.