दत्तरावांची सूज नॉर्मल

रिटायर लोकांच्या कट्ट्यावर चहापेक्षा किस्सेच जास्त उकळतात. आमचा कट्टा नांदेडात, टपरीसमोरच्या लिंबाखाली. मी मुदखेडचा रिटायर मास्तर, दत्तराव अर्धापूरचे केळीवाले. बाकीची मंडळी ऐकायला! हल्ली निम्मे किस्से दवाखान्यातलेच असतात.

*

सुरुवात माझ्या लघवीच्या त्रासापासून झाली. डॉक्टरांनी "काय होतंय?" विचारलं, तर मी पाऊसपाण्यावरच बोलत राहिलो! शेवटी बायकोनंच तोंड उघडलं, "अहो डॉक्टर, ह्यांना घडीघडी जावं लागतंय. लग्नाला निघालो तर कंडक्टर म्हणाला, गुरुजी, तुम्ही दाराजवळच बसा!"

डॉक्टरांनी रक्ताच्या दोन टेस्ट लिहिल्या. पीएसए प्रोस्टेटची, सीआरपी अंगातल्या सुजेची. "पीएसए वाढलं म्हणजे कॅन्सरच असं नाही, सुजेनंही वाढतं," ते म्हणाले. मला त्यातलं 'कॅन्सर' तेवढंच ऐकू आलं.

*

लॅबमध्ये सुई बघूनच मला दरदरून घाम फुटला. जन्मभर छडी फिरवलेला माणूस मी! सोबत आलेल्या दत्तरावांनी सरळ आपली बाही वर केली. "ताई, आधी माझं रगत काढा. ह्याच टेस्टा, दोनीबी. बघा मास्तर, काय होत न्हाई!"

त्यांचं निघालं. मग माझंही निघालं.

*

रिपोर्ट आले. माझं दोन्ही वाढलेलं. दत्तरावांचं पीएसए वाढलेलं, पण सीआरपी एकदम नॉर्मल. गड्यानं कट्ट्यावर पेढे वाटले! "मास्तर, तुमी दोन्हीत नापास, मी एकात तरी पास!"

डॉक्टरांकडं उलटंच झालं. मला इन्फेक्शन निघालं. गोळ्यांनी सूज उतरली, पाठोपाठ पीएसएही उतरलं. दत्तरावांचा रिपोर्ट मात्र ते बराच वेळ बघत बसले. "सूज नाही, इन्फेक्शन नाही. मग हे कशानं वाढलंय, ते शोधावं लागेल."

डॉक्टरांसाठी आणलेला पेढा दत्तरावांच्या हातात तसाच राहिला.

एमआरआय झाला, तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला. पण बाहेर कुठं पसरला नव्हता, वेळेत सापडला होता.

*

ऑपरेशन लातूरला झालं, त्यांच्या लेकीच्या गावी. मी डझनभर केळी घेऊन भेटायला गेलो. दत्तरावांनी एक सोललं, चव घेतली. "मास्तर, अर्धापूरचीच हायत! आमचाच माल इकत घेऊन मलाच चारता व्हय?" आणि मी हसलो तर वरून मलाच दम, "हसवू नका, टाके दुखतेत!"

खरं सांगतो, डोळे भरून आले माझे. देवाचे, डॉक्टरांचे किती उपकार मानू! माझा दोस्त मला परत मिळाला.

*

सुट्टी मिळाली त्या दिवशी आणायला मीच गेलो होतो. सर्जननी फाइल चाळली आणि विचारलं, "दत्तराव, तुम्हाला तर काहीच त्रास नव्हता. मग ही टेस्ट केली कशाला?"

दत्तरावांनी माझ्याकडं बोट केलं.

"ह्या मास्तरला सुईचं भ्या वाटत होतं, म्हनून!"