वय किती लिहू?

विम्याचा एजंट म्हणून जुन्नर-आंबेगावात मी बारा वर्षं हिंडलो. दोन कंपन्यांची दरपत्रकं पिशवीत टाकायची, मरतुकड्या तट्टावर बसायचं आणि धडधाकट माणसांना त्यांच्या मरणाबद्दल विचारायचं, हा धंदा. पॉलिसी थोड्या झाल्या, किस्से मात्र साठत गेले. आता सांगतानाही दमायला होतं!

*

वारूळवाडीत एका घरी निरोप धाडला होता, "उद्या विमा उतरवायला येतो." गेलो तर म्हातारी मुठीत मीठ-मोहऱ्या घेऊन दारातच! चाळिशीच्या मुलाला पाटावर बसवून ठेवलेलं.

"किती डाव उतरवायचा?" तिनं विचारलं.

मला वाटलं, हप्त्याचं विचारतेय. म्हणालो, "वर्षातून एकदा."

"येकदाच? आन त्याचं पैसं घेता? आमी दर आवसंला फुकाट उतरवतो की!"

*

अवसरीत एका शेतकऱ्याला वय विचारलं.

"मी जलमलो तवा नदी देवळाच्या पायरीला लागली व्हती."

गावात चौकशी केली. नदी पायरीला तीनदा लागलेली! म्हणजे हा पठ्ठ्या पंचविशीचा, नाहीतर अडतिसाचा, नाहीतर पन्नाशीचा. हप्ता तिन्हींचा वेगळा. उन्हात अर्धा दिवस गेला होता. "मग यातलं कुठलं लिहू?" मी वैतागून विचारलं.

"स्वस्त पडंल त्ये लिवा राव!"

*

तपासणी जुन्नरच्या डॉक्टरांकडे व्हायची. आईबाप कमी वयात गेलेले असले तर हप्ता चढायचा, म्हणून पहिला प्रश्न ठरलेला. एका गड्याला त्यांनी विचारलं,

"वडील कशानं गेले?"

"बैलगाडीनं."

डॉक्टर हळहळले. "अंगावरून गेली?"

"न्हाय वो, बसून गेले. मंचरच्या बाजाराला. सांजच्याला येतील!"

*

मंचरचे एक किराणा दुकानदार शेठ. दोन्ही कंपन्यांची पत्रकं त्यांनी आठवडाभर गल्ल्यावर शेजारी शेजारी मांडून ठेवली, आणा आणा ताडून पाहिला, चार वेळा मला हेलपाटे घालायला लावले. शेवटी एक कंपनी पसंत केली. डॉक्टरांनी त्यांना काट्यावर उभं केलं आणि म्हणाले, "शेठ, वजन फार आहे. हप्ता वाढणार."

शेठ काट्यावरूनच ओरडले, "अहो, जास्त वजनाला जास्त दाम हा माझ्या दुकानचा कायदा! तो माझ्यावरच लावता व्हय?"

*

एका खेड्यात शाळेचे मास्तर होते. वय चौतीस. छातीत सतत घरघर, दोन पायऱ्या चढले की धाप. आपल्यामागे बायको आणि दोन मुली उघड्यावर पडू नयेत एवढ्यासाठी त्यांना विमा हवा होता. अशा प्रकृतीच्या माणसाला कंपनी कधीकधी सरळ नकार देत नसे. कागदावर त्याचं वय वाढवायची आणि त्या वाढीव वयाचा हप्ता लावायची.

दोन्ही कंपन्यांची पत्रं एकाच टपालानं आली. ती घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर बसून सांगितलं, "मास्तर, या कंपनीनं तुमचं वय तीन वर्षांनी वाढवलंय, त्या कंपनीनं सात. तीनवालीचा हप्ता कमी पडेल. तीच घ्या."

त्यांची बायको आतून ऐकत होती. पिठाच्या हातांनी तशीच बाहेर आली. मास्तरांसाठी तिनं किती उपास धरले होते, ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

"सात वर्सं वाढवली?" ती मला म्हणाली. "खरंच?"

"हो," मी म्हणालो.

"आन त्या दुसऱ्यांनी तीनच?"

"तीनच."

"मग तीनवाली कशाला घ्यायची वो? पैसं जास्ती पडले तर पडू द्यात. मी दळणं घेईन लोकांची. सातवालीच घ्या!"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. मास्तर तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी स्वस्तातलं पत्र घडी करून माझ्या हातात परत दिलं, दुसरं मांडीवर ओढलं आणि विचारलं,

"सही कुठं करू?"