धाब्याची माती पडेना

"तुम्ही वर व्यायाम करतच नाही."

"मग कोण करतं? तुझा भाऊ?"

"माझ्या भावाला मधे घेऊ नका. तो वर नुसता नाचला असता तरी माती पडली असती."

"आवाज येतो का नाही खाली? धप् धप् येतो ना?"

"आवाज येतो. माती येत नाही."

वना पहिलवानाने चहाची बशी खाली ठेवली आणि बायकोकडे रोखून पाहिलं. एके काळी आखाड्यात समोरचा गडी त्या नजरेनेच अर्धा गार व्हायचा. मंजुळाबाई गार झाली नाही. ती भाकरी थापत होती. शेजारी पिठाची परात उघडी पडली होती, आणि सगळ्या भांडणाचं मूळ ती उघडी परातच होती.

धरणगावच्या अलीकडे, रस्त्याला लागून असलेल्या खेड्यात त्यांचं घर. पुढच्या खोल्यांवर पत्रे आले होते. स्वयंपाकघरावर मात्र अजून जुनं धाबं. सागाच्या कड्या, कड्यांवर काटक्या, काटक्यांवर हातभर पांढरी माती. मंजुळाबाई लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून पहाटे नवरा शिडीने वर जायचा, लंगोट कसायचा आणि उड्या घेत बैठका मारायला लागायचा. त्यासरशी कड्यांच्या फटींतून माती झरायची. दुधात, वरणात, तिच्या भांगात. सासूने स्वयंपाकघरातला पहिला धडा दिला तो मिठाचा नव्हता. "वर धप् झालं का परातीवर ताट टाक, बस." मंजुळाबाईचा हात आता झोपेतसुद्धा ताटाकडे गेला असता.

वनाने पन्नाशी मागे टाकली होती. थोडी कपाशी, एक म्हैस, आणि डोक्यात कुस्ती. गावच्या खंडेरावाच्या यात्रेत शेवटची जोड ठरलेली असायची: हा वना आणि पलीकडच्या गावचा झुलाल. दोघांना आता पोरं आबा म्हणायची, पण हलगी वाजली की दोघेही शर्ट काढायचे. कोण जास्त वेळा जिंकलं, ते विचारलं तर दोन्ही गावांत दोन उत्तरं मिळायची.

आणि या वर्षी कार्तिकात तापाची साथ आली. हाडंन् हाडं मोडून काढणारा ताप. या गावात तसा त्या गावात. एक घर सोडलं नाही. वना पहिलवान खाटेला लागला. दोन-अडीच आठवडे धाबं मुकं राहिलं. मग ताप गेला, तोंडाला चव आली आणि एका पहाटे वरून धप् झालं. मंजुळाबाईने खंडेरावाला हात जोडले, ताट परातीवर टाकलं. भाकरी झाल्यावर ताट उचललं, त्यावरून बोट फिरवलं.

बोट स्वच्छ.

दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम परात उघडी ठेवली. वर धप् धप् चालू, खाली पीठ पांढरंशुभ्र. तेव्हापासून तिच्या मनात जी पाल चुकचुकली, ती काही गप्प बसेना.

"वर जाऊन मोबाइल पाहत असतील," शेजारच्या भिकुबाईने निदान केलं. "आमचा पण तसाच. संडासात जाऊन पाहतो."

"मोबाइल तर खाली चार्जिंगला असतो."

"मग बिडी."

मंजुळाबाईने त्याचा शर्ट हुंगून पाहिला. बिडी नव्हती. घामही नव्हता, घाम फक्त कपाळावर, आणि तोही बैठका मारून थकलेल्या माणसाचा नव्हे, थाप मारताना पकडल्या जाणाऱ्या माणसाचा. मग तिला एकेक गोष्ट दिसायला लागली. शिडीवरून उतरताना हा माणूस प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत होता. जेवायला पाटावर बसत नव्हता. "खाटेवरच दे. जमिनीची थंडी लागते." थंडी! हा माणूस पौषात विहिरीवर उघड्याने अंघोळ करणारा. आणि दाराआडचं मुसळ. दिवाळीनंतर तिने त्याला हात लावला नव्हता, तरी त्याच्या बुडाला पांढरी माती होती.

म्हणून आज तिने भांडण काढलं होतं.

"तुला माती पाहिजे ना?" वना उठला. उठताना त्याने चुलीमागच्या खांबाला हात लावला, तेही तिने पाहिलं. "उद्या पडेल. मोजून घे."

दुसऱ्या दिवशी पहाटे माती पडली.

पण कशी? एकाच फटीतून, एकाच जागी, मूठभर, एकदम. पिठाच्या मधोमध ढीग झाला. आणि माती पडून गेल्यावर, जरा थांबून, वरून आवाज आला. धप्.

मंजुळाबाईने हात पुसले, पदर खोचला आणि शिडी चढली. वरच्या पायरीवर फक्त डोळे येतील एवढं डोकं काढून ती थांबली.

वना तिच्याकडे पाठ करून उभा होता. लंगोट कसलेला. त्याने दोन्ही हात पुढे केले, श्वास घेतला आणि बैठकीला खाली गेला. खाली गेला तो गेलाच. गुडघ्यांतून वर येईना. त्याने एक हात टेकला, मग दुसरा. म्हातारी म्हैस उठते तसा मागून आधी उठला. थोडा वेळ गुडघे चोळत राहिला. मग इकडेतिकडे पाहिलं, भिंतीच्या डोक्यावर गोधडीची घडी ठेवली, मुसळ उचललं आणि त्या घडीवर हाणायला लागला. धप्. धप्. आवाज भिंतीतून घरभर उतरत होता. धाब्याची माती हलायचं काही कारणच नव्हतं. वर तोंडाने हुंकारही देत होता.

तिला हसू आलं होतं. पण नजर त्याच्या गुडघ्यांवर गेली.

"ओ पहिलवान."

मुसळ हातातून सुटलं.

"यात्रेला मुसळ घेऊन उतरणार का आखाड्यात?"

"हळू बोल. लोक ऐकतील."

"झुलालने उचलून मानेवर टाकलं तर लोक काय करतील? मान मला सांभाळावी लागेल, लोकांना नाही."

"होईल बरोबर. दोन-चार दिवसांत बठ्ठं, सगळंच, पहिल्यासारखं होईल."

"बैल पंधरा दिवस गोठ्यात उभा राहिला, तर पहिल्या दिवशी त्याला अर्धा दिवसच जुंपता ना? मग स्वतःला..."

"मी बैल नाही."

"बैल खोटं बोलत नाही." तिने मुसळ उचललं. "झुलालभाऊला निरोप द्या. या वर्षी नाही म्हणावं. पुढल्या वर्षी खेळा, मी स्वतः हलगी वाजवते."

"मी नाही म्हणू? त्याला? तो दोन्ही गावांत सांगत फिरेल, वना घाबरला."

एवढ्यात खालून हाक आली. "पहिलवान! शे का घरात?"

आवाज झुलालचा. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. वनाने घाईघाईने शर्ट चढवला.

अंगणात झुलाल खाटेवर बसला होता, टोपी गुडघ्यावर ठेवून. "काय मग, सराव?"

"दणक्यात," वना म्हणाला. "आत्ताच उतरलो. ऐकलं असशील."

"ऐकलं ना. गल्लीच्या तोंडापर्यंत येत होतं. मी तर म्हटलं, आपण जरा कमी पडतो की काय." झुलालची नजर वनाच्या गुडघ्यांवर होती. "ताप आला होता म्हणे तुला?"

"नावाला. तुला?"

"नावालाच."

"एक घर सोडलं नाही त्या तापाने."

"पहिलवानाला काय करतो तो."

मंजुळाबाई चहा घेऊन आली. तिने एकाकडे पाहिलं, दुसऱ्याकडे पाहिलं. मग आत गेली आणि पाट आणून अंगणात मांडला.

"झुलालभाऊ, खाली बसा. गरम भाकर आणि ठेचा, खाऊनच जा."

"नको वहिनी, इथेच बरा." झुलालने पाटाकडे असं पाहिलं, जणू तिने त्याच्यासाठी खड्डाच खणून ठेवला होता. "जमिनीची थंडी लागते."

वनाचा चहा ओठाशी थांबला.

मंजुळाबाईने कमरेवर हात ठेवले. "थंडी लागते का? हां. मग एक करा, भाऊ. तुम्ही आणि हे, दोघांनी इथेच अंगणात एकेक बैठक मारून दाखवा. खाली जाऊन, हात न टेकता वर. जो वर येईल त्याने यात्रेत खेळावं. कोणीच नाही आलं तर कोणीच कोणाला घाबरला म्हणायचं नाही. काय म्हणता?"

वना झुलालकडे पाहत होता.

झुलालने उरलेला चहा एका घोटात संपवला. कप खाटेच्या कडेला नीट ठेवला. टोपी डोक्यावर चढवली. मग खाटेचं लाकूड घट्ट धरलं, उठला आणि अंगणाच्या दाराकडे निघाला. उंबऱ्याबाहेर दोनच पायऱ्या होत्या. पहिलीवर त्याने दोन्ही पाय टेकवले. दुसरीवरही दोन्ही.

"भाऊ, मी काहीतरी विचारलं," मंजुळाबाई मागून म्हणाली.

झुलाल गल्लीला लागला होता.